सुखाधिकार

मुलुंडला, फरसाणाच्या दुकानाच्या वर,
जिन्यात गाठ्यांच्या तेलाचा वास,
रविवारी दहा ते एक
कुटिन्हो सर आम्हाला शब्द शिकवतात.
बाकांवर आम्ही अकरा दलाल.
दलाल नाही, एजंट.
हे पहिल्याच तासाला सांगितलं, फी घेण्याआधी.

एकवीस वर्षं या धंद्यात आहे मी.
पर्समध्ये चाव्यांचा जुडगा खुळखुळतो,
त्यातली एकही माझ्या घराची नाही.

चटई क्षेत्र :
बाहेरच्या भिंती सोडून, आतल्या धरून,
पायाखाली जेवढं येतं तेवढंच.
सरांनी फळ्यावर चौकोन काढला
आणि मी वहीत मान खाली घातली.
मी जिना विकलाय. लिफ्टचा खड्डा विकलाय.
वॉचमनच्या स्टुलाखालची फरशीसुद्धा
चौरस फुटात मोजून.

बोजा :
मालमत्ता पत्रकावर चढतो.
कर्ज फिटलं तरी आपोआप उतरत नाही,
अर्ज करून उतरवून घ्यावा लागतो.
"आमच्या अब्बांचा राहिला तो," शकीलभाई पुटपुटले,
आणि पेनाचं टोपण लावत, काढत बसले.

भोगवटा प्रमाणपत्र.
हेमलताबेनच्या तोंडी हा शब्द बसेना,
भोगवाटा, भोगावटा.
कुणी हसलं नाही.
त्यांच्याच इमारतीला नऊ वर्षं ते मिळालेलं नाही,
टँकरवर दिवस काढतायत.

मग सरांनी लिहिलं : सुखाधिकार.
मला वाटलं, सर चुकले.
कायद्याच्या पुस्तकात सुख कुठून येणार?
पण होतं. शेजाऱ्याच्या जागेवरून
तुमच्या खिडकीत येणारा उजेड, हवा.
वीस वर्षं उघडपणे, अखंड, विनाअडथळा
घेत राहिलात, तर त्यावर तुमचा हक्क बसतो.
"अखंड" खाली सरांनी दोन रेघा मारल्या.

भांडुप, चौथा मजला, धुरी मास्तर.
निवृत्तीचे सगळे पैसे घेऊन आले होते,
बरोबर एक दुमडती खुर्ची.
ती खिडकीशी उघडून बसून बघितलं त्यांनी,
पेपरही वाचून बघितला.
मी म्हटलं, समोर मोकळंच राहणार, मास्तर.
कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.
पंधराव्या महिन्यात परांची लागली,
सकाळी अकराला त्यांच्याकडे बल्ब.
फोन आला, भांडायला नाही.
म्हणाले, "बाई, तो उजेड तुम्ही सांगितला होतात ना,
तो कागदात कुठे लिहिलाय?"
बघते, म्हटलं मी.
आणि बघितलं नाही.

मधल्या सुट्टीत चहा पिताना हिशोब केला.
माझीही एकवीस वर्षं. पण अकरा-अकरा महिन्यांची,
घाटकोपर, विक्रोळी, परत विक्रोळी, कांजूर.
लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे फक्त परवानगी,
जागेत कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही.
हे वाक्य मी शेकडो करारांत
बोट ठेवून लोकांना वाचून दाखवलंय,
"इथे सही करा," म्हणत.
सगळ्या खिडक्यांतलं ऊन जोडलं तरी
दोन रेघांचा तो शब्द
माझ्यासाठी भरत नाही.

सोमवारी नाहूरला एक जोडपं.
तिनं गॅलरीत जाऊन विचारलं, समोर काय येणार?
जीभ सवयीनं मोकळीकडे वळलीच होती.
म्हटलं, माहीत नाही. मंजूर आराखडा काढून बघू.
नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं
जणू मी दोन टक्के जास्त मागितले.
ते परत येणार नाहीत बहुतेक.

परीक्षा सतराला, पवईच्या सेंटरवर. पन्नास प्रश्न.
रात्री वही मिटली, फोनमध्ये नाव शोधलं,
धुरी भांडुप चौथा.
बराच वेळ वाजला.
मी म्हटलं, "मास्तर, नाही लिहिलेलं.
कागदात कुठेच नाही लिहिलेलं."
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"कोण बोलतंय?" ते म्हणाले.